मारुती कांबळेचा सीझन टू

नायक बारमध्ये शिरतो, काउंटरवर हात टेकतो आणि म्हणतो, "मी या बारमध्ये आलोय, कारण माझ्या भावाचा खून झालाय आणि खुनी रोज रात्री इथं येतो असं मला इन्स्पेक्टर सावंतांनी सांगितलंय." बारवाला बिचारा ग्लास पुसत राहतो. त्यानं काहीच विचारलेलं नसतं. ते वाक्य त्याच्यासाठी नसतंच मुळी. ते तुमच्यासाठी असतं. म्हणजे टीव्ही लावून, सोफ्यावर आडवं होऊन, मोबाइलवर चुलतभावाच्या मेव्हणीच्या लग्नाचे फोटो बघणाऱ्या तुमच्यासाठी.

बार माझा, सावंतही माझे. वाक्यामागची सूचना मात्र खरी आहे. 'एन प्लस वन' या अमेरिकी नियतकालिकात २०२४ सरता सरता विल टॅव्हलिन यांनी नेटफ्लिक्सवर एक लांबलचक लेख लिहिला. तिथं काम केलेल्या अनेक पटकथाकारांनी त्यांना सांगितलं, की वरून हमखास येणारी सूचना एकच: पात्र काय करतंय ते त्याच्याच तोंडून वदवून घ्या. टीव्ही नुसता पाठीमागे चालू ठेवलेल्यांनाही गोष्ट कळायला हवी. मग २०२६ च्या जानेवारीत, स्वतःचा 'द रिप' नेटफ्लिक्सवर येत असताना, मॅट डेमन जो रोगन यांच्या पॉडकास्टवर हेच बोलून गेले. पहिल्या पाच मिनिटांत एक मोठी मारामारी हवी आणि कथानक संवादांतून तीन-चारदा सांगितलेलं बरं, कारण बघणारे फोनवर असतात.

आकाशवाणीच्या श्रुतिकांचे लेखक हे ऐकून हसले असते. पात्रानं दार उघडलं हे शब्दांतून, पावलांतून, कडीच्या आवाजातून कळवायचं ही त्यांची हयातभराची विद्या. पण त्यांना एक खात्री होती, की श्रोता कान देऊन बसलाय. इथल्या प्रेक्षकाला डोळे आहेत, कानही आहेत, आणि दोन्ही दुसरीकडे आहेत. त्यामुळे कोट्यवधी रुपये खर्चून, आठ कॅमेरे लावून, ड्रोन उडवून आपण आता श्रुतिका बनवतो. तीही ढिसाळ.

यात लेखकांना झोडपण्यात अर्थ नाही. लेखक जिथून पैसा येतो तिथलंच ऐकतो, आणि हे कालपरवाचं नाही. हिंदी सिनेमाचा पैसा वर्षानुवर्षं वितरकांच्या 'टेरिटरी'तून आला. बॉम्बे, दिल्ली-यूपी, निझाम, सीपी-बेरार. सीपी-बेरार हा प्रांत नकाशावरून पुसला गेला त्याला सत्तर वर्षं उलटून गेली, पण सिनेमाच्या धंद्यात विदर्भ अजून त्याच नावानं ओळखला जातो. या टेरिटरीवाल्यांनी कमी ढवळाढवळ केली नाही. गाणं घाला, मारामारी घाला, मेहमूद घाला, शेवट गोड करा. पण त्या शेठजींचा एक गुण मानायला हवा. ते थिएटरच्या मागच्या अंधारात उभं राहून प्रेक्षकांच्या पाठी बघायचे. लोक कुठं चुळबुळले, कुठं विडी ओढायला बाहेर गेले, कुठं पैसे फेकले, हे त्यांना ठाऊक असायचं. लोक उठून गेले तर शेठजी बुडायचे.

प्लॅटफॉर्म बुडत नाही. तिकीट काढणाऱ्याला घरातून उठवावं लागतं. कपडे बदलून, रिक्षा पकडून, तीनशेचे पॉपकॉर्न घ्यायची मनाची तयारी करून तो यावा लागतो. वर्गणीदाराचे पैसे दरमहा आपसूक कापले जातात. त्याला उठवायचं नसतं. त्याला उठू द्यायचं नसतं. सगळी गोम इथं आहे. तिकीटबारीला 'बघायलाच हवा' असा सिनेमा लागतो, वर्गणीला 'बंद करण्याइतका वाईट नाही' एवढ्यावर भागतं. या दोन गरजांतून दोन वेगळ्या पटकथा निघतात आणि दोन वेगळे नटही.

त्यातून काही प्लॅटफॉर्मांचा धंदा सिनेमाचा नाहीच. ॲमेझॉनचे जेफ बेझोस २०१६ मध्ये एका परिषदेत अगदी मोकळेपणानं म्हणाले होते, की आम्ही गोल्डन ग्लोब जिंकतो तेव्हा आमचे बूट जास्त विकले जातात. आपल्याकडेही प्राइमची वर्गणी आली ती घरपोच सामानाच्या सवलतीसोबत, आणि हॉटस्टार कित्येकांच्या फोनमध्ये शिरला तो रिचार्ज आणि क्रिकेटचं बोट धरून. सिनेमा त्यात मसाल्याच्या पाकिटावरच्या चमच्यासारखा फुकट. चमचा गंजका निघाला म्हणून पाकीट परत करायला कोण जातं?

नेटफ्लिक्सचे रीड हेस्टिंग्ज यांनी २०१७ मध्ये सांगून टाकलं होतं, की आमची स्पर्धा झोपेशी आहे. तो विनोद समजून आपण हसलो. पण हिशेब बघा. आधी एखाद्या सिनेमाचा किंवा भागाचा ७० टक्के भाग बघितला तर तो 'बघितला' असं नेटफ्लिक्स धरत असे. २०२० च्या जानेवारीत कंपनीनं भागधारकांना कळवलं, की यापुढे दोन मिनिटं बघितलं तरी पुरे, कारण त्यावरून बघायचा हेतू दिसतो. या नव्या मापानं आकडे सरासरी ३५ टक्क्यांनी वाढतात, हेही त्याच पत्रात होतं. सिनेमे तेच, प्रेक्षक तेच, आणि पस्तीस टक्के वाढ! आपल्या कुठल्याही कृषिमंत्र्याला हेवा वाटावा. दोन मिनिटांत थिएटरात राष्ट्रगीत आणि तंबाखूविरोधी जाहिरात जेमतेम होते. पुढं २०२१ मध्ये एकूण तास मोजायचं ठरलं, आणि २०२३ पासून त्या तासांना सिनेमाच्या लांबीनं भागलं जातं. गणित सुधारलं हे खरं. पण आवडलं म्हणून चालू राहिलं की डोळा लागला म्हणून, हे भागाकारात कळत नाही.

आता या मापाला धरून लिहायचं म्हणजे काय, ते समजायला एक प्रयोग करू. 'सामना' घ्या. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, निळू फुले हिंदुराव धोंडे पाटील, डॉ. लागू मास्तर. तेंडुलकर आज अंधेरीतल्या एखाद्या काचेच्या मीटिंग रूममध्ये ही पटकथा घेऊन गेले असते, तर तीन आठवड्यांनी त्यांना ईमेल आली असती. अशी:

"सर, वी लव्हड इट! काही छोट्या नोट्स.

१. मारुती कांबळेचा खून पहिल्या दोन मिनिटांत दाखवू या. उसाच्या फडावरून ड्रोन, रात्र, पाऊस, टॉर्च. मग 'सहा महिन्यांपूर्वी' अशी पाटी.

२. मारुती कांबळेचं काय झालं हे मास्तर विचारत फिरतात, छान आहे. पण तो मारुती कोण, मास्तर का विचारतात आणि कुणाला विचारतात, हे त्यांनी दर पंधरा मिनिटांनी एकदा पूर्ण वाक्यात सांगितलं तर बरं.

३. मास्तर दारू का पितात? एक ट्रॉमा हवा. शक्यतो बायको.

४. हिंदुराव व्हिलन आहेत की हीरो हे क्लिअर होत नाही. आम्हाला ग्रे आवडतं, पण कुठल्या शेडचं ते आधी ठरवू या.

५. दोन म्हाताऱ्यांच्या जुगलबंदीत यूथ कुठं कनेक्ट होणार? हिंदुरावांची लंडनहून परतलेली मुलगी चालेल. पॉडकास्ट करते. तीच केस उकरून काढते.

६. साखर कारखाना नको, लीगलनं कळवलंय. सीव्हीड फार्म?

७. भाषा सगळ्यांना कळेल अशी. 'आई', 'भाऊ' आणि दोन शिव्या मराठीत ठेवू, फ्लेवरसाठी.

८. मारुती कांबळेचं काय झालं हे आठव्या भागात सांगायचं नाही. शेवटच्या शॉटमध्ये मारुती डोळे उघडतो. सीझन टू."

आणि खाली, ताजा कलम म्हणून: "निळूजींचे इन्स्टावर किती आहेत?"

हा ताजा कलम गमतीतला नाही. अभिनेत्री माया हॉक यांनी २०२५ मध्ये एका पॉडकास्टवर सांगितलं, की सिनेमाला पैसा उभा राहायचा तर कलाकारांचे मिळून इतके फॉलोअर्स हवेत, असा कागदच निर्माते दिग्दर्शकांपुढे ठेवतात. अंधेरीत ऑडिशनच्या रांगेत उभ्या असलेल्या पोरापोरींना हे नवं नाही. नाव, वय, उंची, आणि मग हँडल. एनएसडीत तीन वर्षं घासलेला मुलगा आणि तीन महिन्यांत 'गेट रेडी विथ मी' करून मिलियनवर गेलेली मुलगी एकाच बाकावर बसतात, आणि आत कुणाला आधी बोलावतात हे त्या दोघांनाही ठाऊक असतं. मुलीचा यात काही दोष नाही. तिनं जे कमावलं ते स्वतः कमावलं. पण फॉलोअर हा तिला फुकट बघणारा माणूस आहे. तो उद्या तिच्यासाठी वर्गणी भरेल, हे गणित कुणी सोडवून दाखवलेलं नाही.

आकड्यांवरून माणूस निवडायची प्रथा या धंद्याच्या जन्मापासूनची. 'हाऊस ऑफ कार्ड्स' २०१३ मध्ये आली, तेव्हा तिची कहाणी कौतुकानं सांगितली गेली. मूळ ब्रिटिश मालिका बघणारे, डेव्हिड फिंचरचे सिनेमे बघणारे आणि केव्हिन स्पेसीचे सिनेमे बघणारे हे एकमेकांत मिसळलेले लोक आहेत असं नेटफ्लिक्सच्या डेटानं सांगितलं, आणि नमुन्याचा एकही भाग न मागता दोन सीझन मंजूर झाले. डेटा बरोबर निघाला. मग २०१७ मध्ये स्पेसी यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले आणि शेवटचा सीझन त्यांच्यावाचून उरकावा लागला. लोकांना काल काय आवडलं ते डेटा चोख सांगतो. उद्याच्या बाबतीत तो आपल्या चौकातल्या पोपटवाल्याइतकाच हुशार.

डेटाची आणखी एक करामत म्हणजे चित्र. पडद्यावर सिनेमांच्या ज्या चौकटी दिसतात, त्या माझ्याकडे एक आणि तुमच्याकडे एक. 'गुड विल हंटिंग'साठी प्रेमकथा बघणाऱ्याला नायक-नायिका दाखवायची आणि विनोदी बघणाऱ्याला रॉबिन विल्यम्स, असं उदाहरण नेटफ्लिक्सच्या अभियंत्यांनी स्वतःच २०१७ मध्ये दिलं होतं. पुढच्याच वर्षी काही कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी तक्रार केली. गोऱ्या नायक-नायिकांच्या सिनेमांच्या चौकटीत आम्हाला त्यातले दोन-चार मिनिटांचे कृष्णवर्णीय नट दाखवले जातात आणि आत गेल्यावर ते सापडत नाहीत. आम्ही वंशावरून चौकट ठरवत नाही, लोक काय बघतात त्यावरून ठरवतो, असा खुलासा कंपनीनं केला. असेलही. पण नटाच्या दृष्टीनं बघा. पूर्वी छोट्या भूमिकेतला नट पोस्टरवर यायला तडफडायचा. आता पोस्टर मिळतं, भूमिका मिळत नाही.

मान्य करायला हवं, की याच प्लॅटफॉर्मांनी आपल्याला काही नट दिले. २०२० च्या मे महिन्यात 'पाताल लोक' आली आणि जयदीप अहलावत हे नाव घराघरांत गेलं. त्याच ऑक्टोबरमध्ये 'स्कॅम १९९२' आली आणि गुजराती रंगभूमीवरचा प्रतीक गांधी हर्षद मेहता झाला. 'सेक्रेड गेम्स'मधला जितेंद्र जोशीचा काटेकर २०१८ मध्ये नायकाइतकाच भाव खाऊन गेला. त्या काळात प्लॅटफॉर्म नवे होते, त्यांना टीव्हीहून वेगळं दिसायचं होतं आणि आठ-दहा तासांच्या गोष्टीसाठी स्टारच्या तारखा परवडत नव्हत्या. म्हणून नट लागले. गरज होती तेव्हा कला होती. मग वर्गणीदार जमले, गुंतवणूकदार नफा विचारू लागले आणि 'यात चेहरा कोण आहे?' हा टेरिटरीवाल्यांचा जुना प्रश्न इंग्रजीत विचारला जाऊ लागला.

मराठी नटाची जागा या दुनियेत निश्चित आहे. तो हवालदार असतो किंवा मंत्री. काटेकर हवालदार, त्याच मालिकेत गिरीश कुलकर्णी मंत्री. 'सिटी ऑफ ड्रीम्स'मध्ये अतुल कुलकर्णी, प्रिया बापट आणि अख्खं गायकवाड घराणं राजकारणात. मुंबईचं राजकारण, मराठी माणसं, मराठी भांडण, आणि घरात जेवताना एकमेकांशी हिंदी. हिंदी मालिकेवाल्यांच्या मते मराठी माणूस एक तर सलाम ठोकतो किंवा सलाम घेतो. कोथरूडमध्ये गृहकर्ज फेडणारा, नाशिकला द्राक्षं लावणारा, डोंबिवलीची ८.०४ पकडणारा मराठी माणूस त्यांच्या पडद्यावर येत नाही, कारण तो कुणाला गोळी घालत नाही. गीतांजली कुलकर्णीला मध्यमवर्गीय आई व्हायला मिळालं ते 'गुल्लक'मध्ये, म्हणजे थेट उत्तर भारतातल्या मिश्रांच्या घरात जावं लागलं.

लेखनाला आकार देणारी आणखी एक ताकद म्हणजे वकील. २०२१ च्या जानेवारीत 'तांडव' आली, देशभर गुन्हे नोंदवले गेले, निर्मात्यांनी माफी मागितली, दृश्यं कापली गेली. फेब्रुवारीत केंद्राचे नवे आयटी नियम आले. २०२४ च्या जानेवारीत 'अन्नपूरणी' हा तमिळ सिनेमा नेटफ्लिक्सवरून काढला गेला. दिबाकर बॅनर्जींचा 'तीस' तर पूर्ण होऊनही नेटफ्लिक्सनं दाखवला नाही. हिशेब सोपा आहे. एका सिनेमानं दहा हजार वर्गणीदार आले आणि एका खटल्यानं सगळं दुकान अडचणीत आलं, तर दुकानदार काय निवडणार? सेन्सॉर बोर्ड निदान कापून परत द्यायचं, कारण द्यायचं, अपील करता यायचं. इथं कात्री लेखकाच्या डोक्यातच बसवून दिली आहे, आणि तिला धार लावायचा खर्चही तोच करतो.

सगळेच रडगाणं गात नाहीत. डेमन यांच्या त्याच पॉडकास्टवर शेजारी बसलेल्या बेन ॲफ्लेकनी 'ॲडोलसन्स'चा दाखला दिला. २०२५ ची ही ब्रिटिश मालिका नेटफ्लिक्सचीच. चार भाग, प्रत्येक भाग एका अखंड शॉटमध्ये, मुख्य भूमिकेत ओवेन कूपर हा पडद्यावर कधीच न आलेला मुलगा. कुणी काही तीन-चारदा सांगत नाही आणि जगानं ती डोळ्यांत तेल घालून बघितली. म्हणजे प्रेक्षक मठ्ठ आहे या गृहीतकाचा पराभव प्लॅटफॉर्मच्याच मैदानावर झालेला आहे. त्यावर धंदेवाल्यांचा निष्कर्ष काय असेल? आता दहा मालिका एका शॉटमध्ये येतील.

मराठीतले दाखलेही बघा. चैतन्य ताम्हाणेच्या 'द डिसायपल'ला २०२० मध्ये व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि पुढच्या एप्रिलमध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. नायक आदित्य मोडक आणि गुरुजी झालेले अरुण द्रविड हे दोघेही मुळात गवय्ये. फॉलोअर्स मोजून अशी निवड होत नाही. गाणं संथ सुरू राहतं, कुणी राग समजावून सांगत नाही. हे जमलं, कारण सिनेमा आधी बनला आणि मग विकला गेला. रोहन परशुराम कानवडेचा 'साबर बोंडं' २०२५ मध्ये सनडान्सला ग्रँड ज्युरी पारितोषिक घेऊन आला आणि सप्टेंबरात इथल्या थिएटरांत लागला. तिकडं २०२३ मध्ये केदार शिंदेंच्या 'बाईपण भारी देवा'त सहा बहिणी होत्या, बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या. कुठल्याही काचेच्या खोलीत त्यांना 'यात यूथ कुठंय?' विचारलं गेलं असतं. बायकांनी नऊवाऱ्या नेसून, गॉगल लावून, बचतगटासकट थिएटरं भरली. सोफ्यावरून उठवणं म्हणजे काय, ते त्या सहाजणींनी दाखवलं.

प्लॅटफॉर्मांना मराठी सिनेमाची फारशी पडलेली नाही, असं आपले निर्माते नेहमी कुरकुरतात. खरं आहे. मिळतात ते पैसे हिंदीच्या मानानं दात कोरण्याइतके. पण ज्याला कुणी विचारत नाही, त्याला नोट्सही येत नाहीत. ही चैन आज मुंबईत फार थोड्या लोकांना उरली आहे, आणि आपल्यातले काही जण ती हौसेनं मोडायला निघालेत. न मागता ड्रोन, न मागता ट्रॉमा, न मागता सीझन टूची फट. पाहुणे येणार नाहीत हे माहीत असताना अंगणात मांडव घालायचा हा प्रकार.

प्रेक्षकानं काय करायचं? काही भाग ओळीनं चालले आणि रिमोट हलला नाही, की पडद्यावर एक पाटी येते: अजून बघताय का? प्लॅटफॉर्म आपल्याला मध्येच थांबवून विचारतो असा हा थेट प्रश्न. कळलं का, पटलं का, हे तो विचारत नाही. बघत नसाल, तर खरं सांगा. 'नाही' म्हणायला एकच बोट लागतं, आणि तुमचं फोनवरचं बोट तसंही मोकळं नाही. दुसरं वापरा.